रानपिंगळ्याच्या पायातली चिठ्ठी

नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ जंगलात पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ आणि त्यांचे दोन सहकारी यांना रानपिंगळा दिसला. हे ठेंगणे घुबड शंभराहून अधिक वर्षे कोणी खात्रीने पाहिलेले नव्हते आणि ते नामशेष झाले असावे असेच बहुतेकांनी धरून चालले होते. नंदुरबार जिल्हा तेव्हा अजून व्हायचा होता. शहादे धुळे जिल्ह्यात मोडत होते. या घटनेला शोध म्हटले गेले ते योग्यच, पण शोधाचा अवघड भाग जंगलात घडलाच नव्हता. तो घडला संग्रहालयांच्या खणांमध्ये. या पक्ष्याचे जगात मिळून अवघे सात नमुने होते, सगळे एकोणिसाव्या शतकात भारतातून जमवलेले आणि परदेशी पोचलेले. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली: पक्षी कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, कोणी टिपला. या चिठ्ठ्या एकेक करून तपासल्या गेल्या, एक खोटी निघाली ती बाजूला काढली गेली, आणि उरलेल्यांच्या आधारे हे तिघे आधी आजच्या छत्तीसगड-ओडिशाच्या बाजूला गेले. तिथे काही हाती लागले नाही तेव्हा ते खानदेशात उतरले. जिथे जुन्या चिठ्ठीने सांगितले होते, त्या टापूत पक्षी होता. पुढे तो मेळघाटात सापडला आणि २०१४ मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही.

ती खोटी चिठ्ठी कशी निघाली हे नीट पाहण्यासारखे आहे. कर्नल रिचर्ड माइनर्त्सहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपला प्रचंड पक्षिसंग्रह १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर ठिकाण होते गुजरातेतले तापीकाठचे मांडवी आणि साल १९१४. त्या काळातली ही एकमेव नोंद असल्यामुळे ज्यांना हा पक्षी शोधायचा होता त्यांची नजर मांडवीकडे वळत राहिली आणि रिकामी परतत राहिली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये जे प्रसिद्ध केले त्याचा मथितार्थ असा, की हा नमुना माइनर्त्सहागनने टिपलेलाच नव्हता. मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन याने १८८० च्या दशकात खानदेशात जमवलेल्या नमुन्यांपैकी तो एक होता. तो म्युझियममधून चोरला गेला, वरून दुरुस्त केला गेला आणि नवी चिठ्ठी बांधून त्याच म्युझियमला भेट म्हणून परत आला. क्ष-किरणांनी आतली बांधणी तपासली तेव्हा डेव्हिडसनची कातडे भरण्याची पद्धत उघडी पडली. माइनर्त्सहागनला नमुने न विचारता नेल्याबद्दल एकेकाळी त्या म्युझियमच्या पक्षिदालनात दीड वर्ष प्रवेशबंदीही झाली होती. तरी पुढे त्याचा संग्रह स्वीकारला गेला आणि त्याच्या चिठ्ठ्यांवर चार दशके विश्वास ठेवला गेला.

या एका प्रकरणात नमुनासंग्रहांचा सगळा प्रश्न सामावलेला आहे. नमुन्याचे मोल त्याच्या कातड्यात, पाकळीत किंवा शिंपल्यात जितके असते तितकेच त्याच्या चिठ्ठीत आणि तो अखंड कोणाच्या ताब्यात होता या साखळीत असते. साखळी तुटली की उरते ती पेंढा भरलेली वस्तू. म्हणून माझे म्हणणे असे: नमुने जमवणे हे हौशी माणसाचे, धाडसी माणसाचे, एका पिढीचे काम असू शकते, ते राखणे हे मात्र पिढ्यांचे काम आहे आणि म्हणून ते सरकारचे कर्तव्य आहे. भारतात गेल्या दोनशे वर्षांत सरकारने, मग ते कंपनीचे असो, राणीचे असो वा आपले स्वतःचे, जमवण्याला जेवढी हौसेने साथ दिली तेवढी राखण्याला दिली नाही. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. पेशवे दफ्तरातले रुमाल पुण्यात सरकारी ताब्यात टिकले म्हणून मराठ्यांचा इतिहास कागदाच्या आधाराने लिहिता आला, आणि जे कागद घराघरांतल्या माळ्यांवर होते ते वाचवायला इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांना गावोगाव पायपीट करावी लागली. कागदाच्या बाबतीत आपल्याला हे पटलेले आहे. त्याच पुण्यात कोरेगाव रस्त्यावर सह्याद्रीच्या वनस्पतींचे जे दफ्तर आहे, त्याच्याबद्दल मात्र सुशिक्षित मराठी माणसालाही सहसा काही ठाऊक नसते.

या इतिहासाची सुरुवात कलकत्त्यात होते. नॅथॅनियल वॉलिक हा डॅनिश शल्यवैद्य. त्याने फेब्रुवारी १८१४ मध्ये एशियाटिक सोसायटीला पत्र लिहून संग्रहालय काढण्याची सूचना केली, आणि आजच्या इंडियन म्युझियमचा पाया तिथे पडला. हाच वॉलिक पुढे कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचा प्रमुख झाला आणि १८२८ मध्ये रजेवर इंग्लंडला जाताना उद्यानाचा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह तीस पेट्यांत भरून घेऊन गेला. तिथे कंपनीच्या खर्चाने त्याने नमुन्यांचे संच लावले, क्रमांक घातले, यादी छापली आणि युरोपभरच्या संस्थांना वाटले. याची दोन्ही फळे आपण आजवर खात आहोत. एकाच वनस्पतीचे नमुने अनेक ठिकाणी गेल्यामुळे एक संच नष्ट झाला तरी दुसरा उरतो, आणि वॉलिकची यादी आजही वनस्पतिशास्त्रज्ञ उघडतात. पण ज्या उद्यानाच्या नोकरीत हे सगळे जमले, तिथे त्याने जवळजवळ काहीच मागे ठेवले नाही. कलकत्त्याचा वनस्पतिसंग्रह त्यानंतरच्या लोकांना पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागला. सोसायटीच्या प्राणिसंग्रहाची कथा वेगळी नाही. एडवर्ड ब्लाइथ १८४१ पासून वीसेक वर्षे तिथे क्युरेटर होता. डार्विनशी पत्रव्यवहार असलेल्या या माणसाचा पगार त्या काळात वाढला नाही. एकट्याच्या बळावर तो नमुने लावत, नोंदवत, किडीपासून राखत राहिला. अखेर १८६६ च्या कायद्याने सोसायटीचा संग्रह सरकारकडे सोपवण्याची व्यवस्था झाली, आणि १८७५ मध्ये चौरंगीवरची ती भव्य वास्तू उभी राहिली. खासगी मंडळीच्या आवाक्याबाहेर गेलेले काम सरकारने कायद्याने अंगावर घेतल्याचे भारतातले हे पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमचे नाव आपल्याला राष्ट्रसभेच्या स्थापनेमुळे माहीत असते. पक्षिशास्त्रात त्याचे स्थान याहून लहान नाही. रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये त्यानेच केले. सिमल्याच्या जाखू टेकडीवरच्या त्याच्या घरात आशियातला सर्वांत मोठा पक्षिसंग्रह होता. त्याने सरकारी नोकरी करत, स्वतःचे पैसे घालून आणि देशभरच्या मित्रांकडून नमुने मागवून तो जमवला होता. मग एका हिवाळ्यात तो घरी नसताना, ज्या हस्तलिखितांवर त्याने पंचवीस वर्षे खर्ची घातली होती ती एका नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकली. ह्यूमचे मन त्या कामावरून उडाले. त्याने सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊ केला. तो नेण्यासाठी रिचर्ड बाउडलर शार्प १८८५ मध्ये सिमल्याला आला तोवर किडीने खाल्लेले हजारो नमुने ह्यूमने स्वतःच नष्ट केले होते. देवदाराच्या पेट्यांतून उरलेले पंचाहत्तर हजारांहून अधिक नमुने लंडनला गेले. ज्या वर्षी मुंबईत राष्ट्रसभा भरली, त्याच वर्षी भारताच्या पक्ष्यांची सर्वांत मोठी नोंद भारत सोडून गेली. एवढा तळमळीचा माणूस, एवढी साधने, आणि तरीही एक घर, एक नोकर आणि एक हिवाळा यांच्यावर सगळे अवलंबून होते. खासगी हौसेवर विसंबण्याचा धोका यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

इथे एक आक्षेप समोर येतो आणि तो टाळून चालणार नाही. लंडनला गेले म्हणून तर वाचले ना, असे म्हणणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. सिमल्यात राहिले असते तर उरलेले नमुनेही कसरीने खाल्ले असते हे खरे आहे. पण लंडनमध्ये जे मिळाले त्यात इंग्रजी हवेचा वाटा फारसा नव्हता. मोठा वाटा होता पगारी क्युरेटर, ठरलेला वार्षिक निधी, कपाटे आणि नोंदवही यांचा. म्हणजे सरकारी व्यवस्थेचा. आणि त्याच लंडनमध्ये व्यवस्था ढिली पडली तिथे डेव्हिडसनचा रानपिंगळा चोरीला गेला. बर्लिन-डालेमचा वनस्पतिसंग्रह युरोपात नावाजलेला होता. मार्च १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात त्याचा बहुतांश भाग एका रात्रीत जळाला. सुरक्षितता भूगोलावर ठरत नाही. शिवाय परदेशातल्या नमुन्याची किंमत भारतीय संशोधकाला वेगळ्या प्रकारे मोजावी लागली. ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचे पहिले वर्णन होते त्याला टाइप नमुना म्हणतात. वाद झाला की शेवटचा निवाडा त्याच्यासमोर होतो. भारतातल्या असंख्य वनस्पतींचे टाइप नमुने लंडनजवळच्या क्यू उद्यानात आहेत. सह्याद्रीतल्या एका गवताची ओळख पक्की करायची तर नजर तिकडे लावावी लागे. त्यासाठी स्वतंत्र भारताच्या सरकारला कित्येक दशके आपला एक वनस्पतिशास्त्रज्ञ क्यूमध्ये नेमून ठेवावा लागला.

पुण्याची हकिगत मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. मुंबई इलाख्यात दापोडीला १८२८ मध्ये सरकारी वनस्पतिउद्यान निघाले. अलेक्झांडर गिब्सनने तिथे १८४७ ते १८५० या काळात एका स्थानिक चित्रकाराकडून वनस्पतींची सुंदर चित्रे काढून घेतली. उद्यान गेले, चित्रकाराचे नावही हरवले आणि चित्रे एडिंबरोच्या उद्यानाच्या ग्रंथालयात राहिली. पुढे १८९० मध्ये जॉर्ज किंगच्या हाताखाली भारतीय वनस्पती सर्वेक्षण, म्हणजे बोटॅनिकल सर्व्हे, स्थापन झाले तेव्हा त्याच्या केंद्रांपैकी एक पुणे ठरले. सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक आणि तिथले वनस्पतिशास्त्राचे अध्यापक मार्शल वुड्रो यांनी पश्चिम भारताचा वनस्पतिसंग्रह उभा केला. त्याच्याच बळावर कुकने निवृत्तीनंतर १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ खंडशः प्रसिद्ध केला. तो ग्रंथ चाळताना ठिकाणांच्या पुढे कंसात नावे येतात: वुड्रो, बर्डवुड, गोव्याचे डॉक्टर लिस्बोआ, आणि त्यांच्याच ओळीत कानिटकर, भिवा. घाट चढून, पावसात भिजून, कागदांच्या घड्यांत वनस्पती दाबून आणणारी ही माणसे. त्यांच्याविषयी दुसरे लेखन फारसे नाही. त्यांची कामगिरी त्या चिठ्ठ्यांवरच लिहिलेली आहे. संग्रहाची जबाबदारी सांभाळणाऱ्या रानड्यांचे नाव सह्याद्रीतल्या एका रानझुडपाला मिळाले, अब्युटिलॉन रानडेई. मराठीत आपण तिला सोनघंटा म्हणतो. ही वनस्पती नंतर दीर्घकाळ कोणाला दिसली नाही आणि नाहीशी झाली असेच समजले गेले. ती पुन्हा सापडली तेव्हा ती हीच, हे सांगायला जुना नमुना होता.

पण तो नमुना टिकला तो सरकारच्या सातत्यामुळे टिकला असे म्हणण्याची सोय नाही. पहिल्या दोन दशकांचा जोम ओसरल्यावर बोटॅनिकल सर्व्हेकडे सरकारचे दुर्लक्ष होत गेले; १९३० च्या दशकाच्या अखेरीला तर संचालकाची जागाही भरेनाशी झाली आणि सर्वेक्षण जवळजवळ थंडावले. वनस्पतींपासून महसूल मिळेल, कुनैन मिळेल, लाकूड मिळेल असे वाटत होते तोवर साम्राज्याला नमुन्यांत रस होता. यादी छापून झाली की काम संपले अशी समजूत होती. संग्रह मात्र यादी छापून संपत नाही. उलट त्यानंतरच त्याचा खर्च सुरू होतो. स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या बोलावण्यावरून जानकी अम्माळ परतल्या आणि १९५२ मध्ये त्यांच्याकडे सर्वेक्षणाच्या पुनर्रचनेचे काम आले. १९५४ मध्ये योजना मंजूर झाली आणि डिसेंबर १९५५ मध्ये पुण्याचे पश्चिम विभागीय केंद्र सुरू झाले. कुक, वुड्रो, कानिटकर, भिवा यांच्या काळातले नमुने आज त्या केंद्रात आहेत. मधल्या दीड-दोन दशकांत ते जगले ते कपाटांच्या दारांमागे, कुठल्या धोरणाच्या छायेत नव्हे. नियमाने कपाटे उघडून कापूर-डांबराच्या गोळ्या बदलणाऱ्या कोणा कर्मचाऱ्याचे हे ऋण आहे आणि त्याची नोंद कुठे नाही.

प्राण्यांच्या बाबतीत तर आपण एक मोठी किंमत मोजून बसलो आहोत. नेल्सन अ‍ॅनन्डेलच्या प्रयत्नांनी १ जुलै १९१६ रोजी भारतीय प्राणी सर्वेक्षण इंडियन म्युझियममधून वेगळे होऊन उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आले, कलकत्ता धोक्यात आले आणि १९४२ मध्ये हा संग्रह वाराणसीला कैसर कॅसल नावाच्या वाड्यात हलवला गेला. बॉम्बपासून वाचवण्यासाठी नेलेल्या त्या नमुन्यांना १९४३ मध्ये वरुणेच्या पुराने गाठले. नदीकाठच्या वाड्यात पाणी शिरले आणि कित्येक पिढ्यांनी जमवलेल्या संग्रहाचे अतोनात नुकसान झाले. काचेच्या बरणीत मद्यार्कात ठेवलेला मासा पाण्यात बुडूनही टिकू शकतो. पण चिठ्ठी निघून गेली किंवा शाई पुसली गेली की तो कोणत्या नदीतला, कोणत्या सालचा, हे सांगणारे कोणी उरत नाही. युद्धाच्या घाईत यापेक्षा चांगली जागा मिळाली नसेल, हे मान्य करावे लागते. तरी एका देशाचा प्राणिसंग्रह एकाच ठिकाणी, एकाच वास्तूत, दुसरा संच न ठेवता साठवण्याची चूक युद्धाच्या आधीचीच होती.

राखणे म्हणजे नेमके काय, हे न सांगता त्याच्या खर्चाविषयी बोलण्यात अर्थ नाही. वाळवलेली वनस्पती जाड कागदावर चिकटवलेली असते. तिला सिगारेट बीटल नावाचा बारीक किडा लागतो आणि एका पावसाळ्यात तो कपाट पोखरतो. जुन्या लोकांनी त्यावर पाऱ्याच्या क्षाराचा लेप दिला आणि पक्ष्यांच्या कातड्यांना आतून सोमल चोळला. त्यामुळे नमुने टिकले, पण तेच विष आज ते हाताळणाऱ्यांच्या आरोग्याचा प्रश्न झाले आहे. बरण्यांतला मद्यार्क झाकणातून हळूहळू उडत असतो, तो वेळोवेळी भरावा लागतो. आणि रेक्टिफाइड स्पिरिट ही उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याची वस्तू असल्यामुळे वैज्ञानिकाला त्यासाठी कागदपत्रे करत बसावे लागते. कलकत्त्याच्या दमट हवेत, कोकणाच्या पावसात बुरशी थांबत नाही. वीज गेली, छत गळले, झाकण सैल झाले, असे कुठलेही एक किरकोळ कारण पुरते. नवे काही घडल्याचे दिसत नाही म्हणून या कामाला कौतुक नाही; अर्थसंकल्पात ते 'देखभाल' या शीर्षाखाली बसते आणि तिथेच पहिली कात्री लागते. त्यात आपल्या कार्यालयीन पद्धतीची आणखी एक अडचण आहे. सरकारी कार्यालयात वस्तू नोंदवायची ती जडसंग्रह नोंदवहीत, खुर्च्या-टेबलांच्या रांगेत. तिथे वस्तू जुनी होते, निरुपयोगी ठरते आणि समितीच्या शिफारशीने निर्लेखित होते. नमुन्याचा हिशेब याच्या बरोबर उलट चालतो. तो जितका जुना तितका मोलाचा, आणि फाटका-तुटका झाला तरी निरुपयोगी ठरत नाही. महाविद्यालयात वर्षानुवर्षे न उघडलेले कपाट या नोंदवहीच्या नजरेतून पाहिले की अडगळ दिसते, आणि ते काढून टाकणाऱ्या लिपिकाला दोष देता येत नाही, कारण त्याच्या नियमांत दुसरे काही लिहिलेलेच नाही.

एप्रिल २०१६ मध्ये एका रात्री दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय जळाले. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी इंदिरा गांधींनी ज्याची कल्पना मांडली, ते १९७८ मध्ये सुरू झाले आणि जवळजवळ चाळीस वर्षे दुसऱ्याच्या इमारतीतल्या मजल्यांवर नांदत राहिले. पर्यावरणाचे अख्खे मंत्रालय पाठीशी असूनही त्याला स्वतःची वास्तू मिळाली नव्हती. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय पेटले. तिथे सुमारे दोन कोटी वस्तू होत्या. कीटकांचा प्रचंड संग्रह राख झाला, पण वनस्पतिसंग्रह वेगळ्या इमारतीत होता म्हणून वाचला. तिथेही वर्षानुवर्षे देखभालीचा निधी कापला गेला होता. दोन्ही आगी अपघाताने लागल्या असतील, पण आग लागेल तेव्हा सगळे जाईल अशी स्थिती वर्षानुवर्षांच्या अर्थसंकल्पांनी आणली होती.

आता काहीजण विचारतील, की छायाचित्रे आहेत, जनुकीय तपासणी आहे, संगणकावर प्रतिमा आहेत; मग किड्यांशी झुंजत हे कपाट कशाला सांभाळायचे? या प्रश्नाला उत्तर इतिहासच देतो. इंग्लंडात डेरेक रॅटक्लिफ याने १९६७ मध्ये दाखवून दिले, की बहिरी ससाण्यांच्या अंड्यांची कवचे १९४७ च्या सुमारापासून पातळ झाली आहेत. त्याला हे कळले संग्राहकांनी आणि संग्रहालयांनी दशकानुदशके जपलेली अंडी वजन करून पाहिल्यामुळे. डीडीटीवर बंदी येण्यामागच्या पुराव्यांत याचा मोठा वाटा आहे. ती अंडी जमवणाऱ्याला डीडीटी ठाऊक नव्हते. त्याने अंड्यांची चित्रे काढून अंडी टाकून दिली असती तर कवचाची जाडी कुणालाच मोजता आली नसती. नमुना अशा प्रश्नांची उत्तरे देतो जे जमवताना कोणाच्या मनातही नसतात. जनुकीय तपासणीलाही शेवटी पेशी लागतात, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या पेशी कपाटाखेरीज कुठे मिळणार? प्रतिमांचे म्हणाल, तर बर्लिनचा संग्रह जळण्यापूर्वी शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या जे. फ्रान्सिस मॅकब्राइड यांनी युरोपभर हिंडून टाइप नमुन्यांची हजारो छायाचित्रे काढली होती. आज जळालेल्या नमुन्यांची आठवण म्हणून तीच आहेत आणि ती अनमोल आहेत. पण त्यांवरून परागकण मोजता येत नाहीत, पाकळी उकलता येत नाही. संगणकीकरण जरूर व्हावे. गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला पुण्याचा नमुना पडद्यावर दिसला पाहिजे. ते मूळ नमुन्याकडे जाण्याची वाट आहे, त्याला रजा देण्याचा दाखला नाही.

जीव मारून जमवण्याबद्दलचा आक्षेप मला मनापासून मान्य आहे. ह्यूमच्या काळाप्रमाणे आज पक्षी टिपणे अन्यायाचे आहे आणि कायद्यानेही निषिद्ध आहे. पण हा आक्षेप खरा मानला तर जुने नमुने जपण्याचे कर्तव्य दुप्पट होते. जे जीव आधीच गेले त्यांच्याकडून शक्य तितके शिकून घेणे, म्हणजे पुन्हा तोच जीव घ्यावा लागू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

दुसऱ्या बाजूने म्हटले जाते, की सरकारच्या हाती दिले म्हणजे वाट लागलीच. त्यापेक्षा हौशी संस्थांवर सोपवा. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून हे काम करते आहे आणि तिचा संग्रह देशातल्या मौल्यवान संग्रहांपैकी आहे, हे निर्विवाद. पण तिचा इतिहासच सांगतो, की स्वातंत्र्यानंतर तिची आर्थिक स्थिती ढासळली तेव्हा सालिम अलींना नेहरूंकडे मदतीसाठी लिहावे लागले. हौस संग्रह निर्माण करते, त्यात प्राण ओतते. सलग दोनशे वर्षे दर महिन्याला वीजबिल भरण्याची हमी ती देऊ शकत नाही. सरकार ढिलाई करते म्हणून त्याच्याकडून काम काढून घेणे, हे तलाठी कागद हरवतो म्हणून जमिनीच्या नोंदी खासगी माणसाकडे द्याव्या असे म्हणण्यासारखे आहे. नोंद करण्याचे काम नीट करून घ्यावे लागते, सोडून देता येत नाही.

कायद्याचा पाया आपल्याकडे आहे. जैवविविधता कायदा, २००२ याच्या ३९ व्या कलमाने केंद्र सरकारला नमुन्यांचे अधिकृत भांडार म्हणून संस्था नेमण्याचा अधिकार दिला. नवी जात शोधणाऱ्याने तिचा नमुना तिथे जमा केला पाहिजे आणि भांडाराने तो सुरक्षित ताब्यात ठेवला पाहिजे, असे ते कलम सांगते. दोन्ही सर्वेक्षणांबरोबर गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थाही या यादीत आहेत. पण कलम छोटे आहे. सुरक्षित ताबा म्हणजे किती क्युरेटर, कशी इमारत, दुसरा संच कुठे, दर किती वर्षांनी तपासणी, याविषयी ते काही बोलत नाही. ते बोलले पाहिजे. नमुन्यांसाठी जडसंग्रहापासून वेगळी नोंदवही हवी आणि त्यातला एकही नमुना तज्ज्ञाच्या लेखी मताशिवाय निर्लेखित होता कामा नये. निवृत्त होणाऱ्या वर्गीकरणतज्ज्ञाच्या जागी दुसरा आधी नेमला जावा, म्हणजे कोणत्या कपाटात काय आहे ही माहिती माणसाबरोबर जाणार नाही. यातले काहीही अवाढव्य खर्चाचे नाही.

आणि एक काम दिल्लीची वाट न पाहता महाराष्ट्रातच होण्यासारखे आहे. आपल्या अनेक जुन्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभागांत चार-पाच पिढ्यांच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी जमवलेले नमुने आहेत. त्यांतले कित्येक अशा टेकड्यांवरून आणि माळांवरून आलेले आहेत, जिथे आज वसाहती उभ्या आहेत. नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाने विद्यापीठांच्या मदतीने त्यांची एकदा मोजदाद करावी. तोवर, आपल्या विभागातले जुने कपाट रिकामे करायची वेळ कोणा प्राचार्यांवर किंवा विभागप्रमुखांवर आली, तर निर्लेखनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यांनी दोन्ही सर्वेक्षणांच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय केंद्रांना एक पत्र पाठवावे आणि उत्तर येईपर्यंत चिठ्ठ्यांना हात लावू देऊ नये.